टॅन्सीनं पारखलेला डबा

टर्कीपेन ओढ्याच्या दोन्ही काठांवर एल्झी नेपियरच्या कुत्र्यांचं नाव अजून निघतं. गुडघ्याएवढी उंची, आखूड केस आणि तोंड महाफटकळ. खार झाडावर चढली की बुंध्याशी उभी राहून अशी भुंकायची, की डोंगरापलीकडच्या माणसानं हातातला कप खाली ठेवून म्हणावं, लागली एल्झीची कुत्री झाडाला. एल्झी गेला, कुत्री पांगली. काही ट्रकखाली आली, काही म्हातारी होऊन चुलीपुढं मेली. शेवटी त्या वाणाची धड दोनच उरली. नर एल्झीच्या थोरल्या मुलाकडं, हॉबर्टकडं; कुत्र्याचं नाव बक. मादी धाकट्या मुलीकडं, डेल्फाकडं; तिचं नाव टॅन्सी.

आणि टॅन्सी बंदुकीला भ्यायची.

डेल्फा शाळेची बस चालवायची. ओढ्याकाठची दोन पिढ्यांची पोरं तिनं आरशातनं नुसती भुवई उचलून गप्प बसवलेली. पण कुत्रीपुढं भुवई चालेना. टॅन्सी वास काढायची, झाडाला लागायची, भुंकून रान उठवायची, आणि बार निघाला की शेपूट पोटात घालून थेट ट्रकखाली. खार एकीकडं पडलेली, कुत्री दुसरीकडं, आणि मधे डेल्फा सॉसेजचा तुकडा दाखवत गुडघ्यावर.

असं का झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. टॅन्सी पिल्लू असताना हॉबर्टनं तिच्या डोक्यावरनं दुनळी झाडली होती, एकदम, कसलीच सवय न लावता. पण ते कबूल करील तो हॉबर्ट कसला.

"भितरं जन्मताच भितरं असतं, डेल्फे," तो म्हणायचा. "असल्या मादीला मी बक दाखवणार न्हाई. बाच्या वाणाला बट्टा लागंल."

"दादा, मंग वाणच बुडंल की."

"बुडू दे. नाव तरी राहील."

डेल्फाला हे लागलं. बक म्हातारा होत चाललेला. त्याचं तोंड पांढरं पडू लागलं होतं. आणखी एक हिवाळा गेला असता तर बोलणंच मिटलं असतं.

बंदुकीच्या तोंडाला लावायच्या नळकांड्याला त्या डोंगरात डबा म्हणतात. त्यानं आवाज गिळला जातो. डेल्फाला वाटायचं, हे शहरातल्या हौशी लोकांचं खूळ. पण तिच्या मनानं घेतलं, की कुत्रीला बंदुकीची भीती न्हाई, आवाजाची हाय. मग आवाजापासनंच सुरुवात करू. तिनं टॅन्सीला ट्रकमध्ये घातलं आणि रॅन्समच्या बंदुकांच्या दुकानी गेली. रॅन्सम लहानपणी तिच्याच बसमधनं शाळेला गेलेला, म्हणून तो तिला अजून मावशीच म्हणे.

"मावशी, कुत्रीला आत आणली व्हय?"

"घेणार तीच हाय. मी नुसती पैशाची पिशवी धरायला आलीया."

दुकानामागं ओढ्याची दरड होती. तिथं गोळी मातीत जायची, म्हणून तिथंच बंदुका पारखायचे. रॅन्समनं तीन डबे मांडले. एक लांब, जड, काळाभोर. एक बोटाएवढा, हलका. आणि मधला एक, राखी रंगाचा, ज्याच्याकडं त्यानं स्वतः बघितलंसुद्धा नाही.

"टू-टूची, म्हंजी बावीस नंबरी बारकी काडतुसं लई घाण करत्यात," तो म्हणाला. "शिसं आन् काजळी डब्यात ओकत्यात. म्हणून जो खोलून घासता येईल तोच घ्यायचा, न्हाईतर आतनं दगड होतो. हे तिन्हीबी खुलत्यात. रायफलीला बसत्यात, पिस्तुलालाबी. पण कागदावर सगळ्यात गप्प हा लांबडाच."

डेल्फानं खिशातनं आपली नेहमीची काडतुसं काढली. रॅन्समनं लांबडा डबा चढवून बार काढला. फाट्‌दिशी चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला आणि टॅन्सी ट्रकखाली.

"ह्येच का तुजं गप्प?"

"मावशी, डबा बंदुकीच्या तोंडचा आवाज गिळतो, गोळीचा न्हाई. तुमची गोळी आवाजाच्या पुढं पळती. ती हवा फाडत जाती, तिला डबा काय करणार? संथ काडतुसं वापरा."

"संथीनं खार मरती का?"

"चांगली मरती."

"मग काय. मेल्यावर अजून एकीनंबी इचारलं न्हाई, गोळी कुठली व्हती म्हणून."

टॅन्सीला बाहेर काढायला सॉसेज आणि बराच वेळ गेला. मग संथ काडतुसं घालून पुन्हा लांबडा डबा. पहिल्या बाराला ठप्प असा आवाज निघाला आणि टॅन्सी भुईसपाट झाली. पण पुढचे बार म्हणजे कुणी पुस्तक मिटावं तसे. तिचा कानसुद्धा हलेना.

रॅन्सम खूश. "बगा. पुढचे तिनं ऐकलेबी न्हाईत."

"आन् पहिला?"

"पहिला जरा मोठाच असतो. डब्यात हवा असती, ती आत पेट घेती. एकदा धूर भरला की मग शांत."

"आरं, पण खार दुसऱ्या बारासाठी थांबती व्हय झाडावर?" डेल्फा म्हणाली. "मी एकच बार काढते. माजा पहिला तोच शेवटचा."

रॅन्समकडं दिवसभर माणसं यायची, कागदावरचे आकडे विचारायची, दहा बार काढायची आणि खूश होऊन जायची. पहिल्या बाराचं इतकं मनावर कुणी घेतलं नव्हतं.

बोटाएवढा डबा लावला. त्याचा प्रत्येकच बार खणखणीत. टॅन्सी उठून ट्रकच्या सावलीला गेली. नको म्हणाली.

मग राखी. त्याचे पुढचे बार लांबड्याइतके मऊ नव्हते, पण पहिला आणि पाचवा यांत फरकच नव्हता. पहिल्या बाराला टॅन्सीचा एक कान मागं वळला. शेपूट होती तिथंच राहिली. मग तिनं दरडीकडं बघितलं, जणू काय पडलं ते आणायला जाऊ का म्हणून. पिस्तुलावर लावला तेव्हा आखूड नळीमुळं आवाज वाढला. तिनं तोंड वाकडं केलं, पण जागा सोडली नाही.

"ह्योच बांध," डेल्फा म्हणाली.

"मावशी, कागदावर ह्यो लांबड्याच्या मागं हाय."

"तिला कागद वाचता येत न्हाई."

सरकारी परवानगी येईपर्यंत डबा दुकानातच राहिला. तोवर डेल्फानं बापाची जुनी रायफल, डबा बसावा म्हणून तोंडाला आटे पाडायला दिली. नवरा ओर्बिन मक्याचा पाव ताकात कुस्करत बघत होता.

"बाच्या बंदुकीला आटे पाडतीस? एल्झीला काय वाटंल?"

"अवो, बा वर गेला तवा बंदूक हितंच ठेवून गेला. त्याला लागत असती तर नेली असती."

पानं झडली आणि डेल्फा रोज बस लावून झाली की रानात जायला लागली. आधी संथ काडतूस आणि डबा. टॅन्सी झाडाला लागायची, खार पडायची, टॅन्सी तोंडात धरून हलवायची. तोंडाला रक्त लागलं की कुत्र्याला बाकीचं दिसत नाही. मग डेल्फानं मधनंच एखादं वेगाचं काडतूस घातलं. चाबूक वाजला, टॅन्सी दचकली, पण खार पडताना दिसली आणि ती पळाली ती खारीकडं. पुढं ओर्बिन पलीकडच्या कड्यावरनं, लांबनं, उघड्या, डबा न लावलेल्या बंदुकीचे बार काढायला लागला. रोज थोडा जवळ. "बायकोच्या नादानं हवेत गोळ्या घालतोय म्हणतील लोक," तो कुरकुरायचा. पण जायचा. उघडी बंदूक अगदी झाडाखाली मात्र अजून कुणी वाजवली नव्हती.

हंगाम सरता सरता डेल्फानं हॉबर्टला बोलावलं. तो बकला घेऊन, आपली उघडी रायफल खांद्याला लावून आला. टॅन्सी ओढ्यावरनं गेली आणि एका हिकरीच्या झाडाला लागली. बक धापा टाकत मागनं पोचला. डेल्फानं डबा लावलेली रायफल उचलली, बार काढला, खार खाली आली. टॅन्सीनं पडायच्या आत झेलली म्हणा ना.

हॉबर्ट हसला. "तू बंदुकीचीच वाचा बसवलीस, डेल्फे. कुत्री कुठं धीट झाली?"

तेवढ्यात वरच्या फांदीवर दुसरी खार सरकली. हॉबर्टनं काही न सांगता रायफल लावली. टॅन्सी त्याच्या पायापाशी. डेल्फानं त्याला अडवलं नाही. अडवलं असतं तर कुत्री भितरीच आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं.

बार फुटला. पलीकडच्या कड्यानं तो परत फेकला. टॅन्सीनं अंग झटकलं, हॉबर्टकडं एकदा बघितलं आणि उडी मारली. बक वळेपर्यंत दुसरी खार तिच्या तोंडात होती. बक गुरगुरला, तर तिनं त्यालाच दात दाखवले.

हॉबर्ट बराच वेळ रायफलीचा खटका पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"माजावर कवा येती ही?" शेवटी त्यानं विचारलं.

"वसंतात."

"मग आण माज्या दारी."

रीत तीच आहे. मादी नराच्या दारी जाते. डेल्फानं दोन्ही खारी पिशवीत टाकल्या आणि पिशवीचं तोंड आवळलं.

"न्हाई, दादा. बकला तू हिकडं आणायचा. टॅन्सी कुठं जात न्हाई."

हॉबर्टनं टोपी काढली, घातली, कुत्र्यांकडं बघितलं. "बरं, आणतो," तो म्हणाला.

वसंतात डॉगवूडच्या झाडांना फुलं आली तेव्हा आणलासुद्धा. बकला काखेत धरून, पायवाटेनं, सगळ्या ओढ्यादेखत.