ड्रॅगनची शिंक

माझा भाचा दिवसभर लोकांना चष्मे बसवून देतो आणि संध्याकाळी पत्र्याचं चिलखत चढवून मेटल बँडमध्ये किंचाळतो. त्यांच्या प्रत्येक अल्बमचा साचा ठरलेला. आधी भलामोठा कोरस, मग तलवारींचा खणखणाट, मग गाणं एकदम थांबतं आणि ड्रॅगन शिंकतो. लोक हसून हसून लोळतात.

मागच्या अल्बमबद्दल कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं, "पुन्हा तेच!" झालं, पठ्ठ्याची झोप उडाली. त्याने नव्या अल्बममधून शिंकच काढून टाकली, थांबणं तेवढं राहिलं.

"मावशी, लोक कंटाळले असतील गं."

"अरे, इतकी वर्षं तुझे काका त्याच सुरात घोरतायत. टाकलं का मी त्यांना?"

पहिल्या कार्यक्रमाला मी कानात कापूस कोंबून गेले. नवं गाणं रंगलं आणि नेहमीच्या जागी थांबलं. हॉल चिडीचूप, भाचा पांढराफटक.

तेवढ्यात अख्खा हॉल एकदम शिंकला, "आऽऽक्छी!" त्यात एक शिंक माझीही होती, बरं का.

भाच्याने असा काही सुस्कारा सोडला की चिलखताचा पट्टाच तुटला. मग माईकवर म्हणतो कसा, "माफ करा मंडळी, ड्रॅगन रजेवर होता. उद्यापासून कामावर येतोय."