भट्टीची दृष्ट

कमळाकर घरत मुंबईला जाऊन चिखल तुडवतो, ही बातमी पनवेलच्या खाडीकाठी पोहोचायला वेळ लागला नाही, आणि पोहोचल्यावर पुष्कळ दिवस कुणी ती सोडलीही नाही. घरतांचं मिठागर. मुलगा मॅट्रिक झाला, चित्रं बरी काढतो म्हणून मास्तरांनी त्याला मुंबईच्या कलाशाळेत घातलं, शिष्यवृत्ती मिळाली, इथपर्यंत सगळं आनंदात होतं. पण चित्रकार व्हायला गेलेला हा मुलगा मातीकामाच्या वर्गात जाऊन बसला. मग काय! ‘आगऱ्याचा पोर कुंभार झाला’ म्हणून लोकांना आयतंच खाद्य मिळालं. बाप बुधाजी हे ऐकून विडी पेटवायचा आणि मिठागराच्या बांधाकडे चालू लागायचा. आई मैनाबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. दर शनिवारी कमळाकर एसटीतून उतरला की त्याच्या पिशवीतले मातीने कडक झालेले कपडे ती दगडावर आपटायची.

“खारीचा चिखल धुता धुता माजा जलम गेला,” ती म्हणायची, “आता ह्यो कालेजचा चिखल घेऊन येतो!”

म्हणायची, पण धुवायचीही तीच. दुसऱ्या कुणी त्या पिशवीला हात लावलेला तिला खपत नसे.

कॉलेजातलं त्याचं आयुष्य तिला वाटायचं तसं ऐषारामाचं मुळीच नव्हतं. सकाळी माती चाळायची, भिजवायची, कणकेसारखी मळून तिच्यातली हवा काढायची. मग चाकावर बसायचं. पहिलं वर्षभर त्याचं एक भांडं सरळ उठलं नाही. चाक फिरायचं, माती मात्र मधोमध राहायला तयार नसायची. शिकवणारे गुप्ते सर बोलायचे कमी. वाकडं भांडं उचलून पुन्हा मातीच्या पिंपात टाकायचे आणि पुढे जायचे. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या, असं कमळाकरला वाटे. पण दुसऱ्या वर्षी एके दिवशी सरांनी त्याचं भांडं उचललं, फिरवून पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं. त्या रात्री माझगावला मावशीच्या खोलीत त्याला आनंदाने झोप आली नाही.

शेवटच्या वर्षी परीक्षेची भांडी भाजायची वेळ आली. सरांना लाकडाची भट्टी हवी होती, आणि मुंबईत एवढा धूर करू कोण देणार? पळस्प्याच्या बाजूला सरांच्या एका स्नेह्याचा कौलांचा कारखाना होता. त्याच्या आवारात सरांनी मागेच एक लहान, कडक आचेची भट्टी बांधून घेतली होती. सगळा वर्ग भांडी गवतात गुंडाळून तिथे आला. मुलांचा मुक्काम धर्मशाळेत, कमळाकरचा घरी. प्रत्येकाचं वर्षाचं काम त्या एका भट्टीत रचलं गेलं. चेंबूरच्या जगनचं तर नशीबच तिच्यात होतं. बापाने त्याला बजावलं होतं, या वर्षी पास झालास तर ठीक, नाहीतर माझ्याबरोबर गिरणीत. जगन रोज चार जणांना हे सांगायचा आणि रोज हसून सांगायचा, म्हणून ते ऐकवत नसे.

भट्टीचं दार विटांनी बुजवलं आणि पहाटे जाळ घातला. दुपारपर्यंत विटांमधल्या भोकातून आतली भांडी लालच्या पलीकडे जाऊन पिवळी दिसू लागली. गोवा रस्त्याच्या नाक्यावरचे ट्रकवाले, गुराखी, बाजाराला निघालेल्या बाया, जो तो थांबून बघत होता. तेवढ्यात मैनाबाई बैलगाडीतून उतरली. डोक्यावर तांदळाच्या भाकऱ्यांची टोपली, सुकटीची चटणी. सगळ्या पोरांना पुरेल एवढं आणलं होतं. पोरं जेवायला बसली, सरही भाकरी हातात घेऊन विहिरीवर पाणी प्यायला गेले. मैनाबाईने त्या गर्दीकडे एकदा पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“कमळ्या, एवरी मानसा बघतान. कुनाची नजर कशी, सांगता येते?”

तिने कनवटीची पुरचुंडी नव्हे, टोपलीतून चांगली मोठी पोतडी काढली. घरच्या आगरातलं मीठ, त्यात मोहरी, लाल मिरच्या. पोराची दृष्ट काढायला मूठभर मीठ पुरतं, पण भट्टी हत्तीएवढी, तिला मूठभर काय पुरणार, असा तिचा साधा हिशेब होता. आणि मिठाची ददात आगऱ्याच्या घरी कधी नसते. कमळाकरला त्यात काही वावगं वाटलं नाही. जन्मापासून दर अवसेला त्याच्यावरून मीठ उतरलं होतं. तीन वर्षं कॉलेजात शिकलेलं डोकं त्या क्षणी आईच्या चुलीपाशी जाऊन बसलं. त्याने स्वतः चिमट्याने जाळाचं झाकण बाजूला केलं.

“आल्यागेल्याची, पाप्याची, चांडालाची, नजर लागली असंल ती जलून जाव,” म्हणत मैनाबाईने पोतडी ओवाळली आणि सगळीच्या सगळी जाळात रिकामी केली. आत तडतड झाली. तिने नाक वर करून वास घेतला.

“बघ, ठसका नाय लागला. केवरी नजर होती!”

मिरचीचा ठसका लागला नाही की नजर होती म्हणायचं, अशी रीत. ती समाधानाने हात झटकत होती, तोच धुराड्यातून पांढऱ्याशुभ्र धुराचा लोट निघाला. तो बघितला आणि कमळाकरला सरांचा धडा आठवला. वर्गात सरांनी सांगितलं होतं. मीठ कडक आचेत पडलं की त्याची वाफ होते, ती भांड्यांवर बसते. कोऱ्या मातीवर त्याने चकाकी येते, परदेशात मुद्दाम करतात. पण ज्या भांड्यांना आधीच काचेचा लेप दिलाय, त्यांचा लेप पातळ होऊन ओघळतो आणि भांडं खालच्या फरशीला चिकटून बसतं. आणि आत सगळी लेप दिलेलीच भांडी होती.

गुप्ते सर विहिरीवरून धावत आले. “मीठ कुणी टाकलं?”

“मी, सर,” कमळाकर म्हणाला.

“खोटा बोलतो. मी टाकला,” मैनाबाई म्हणाली. “काय झाला? पोरांची भांडी गेली का?”

सरांचा चेहरा रागाने काळा पडला होता, पण समोर बाई उभी होती आणि हातात तिच्याच भाकरीचा तुकडा होता. त्यांनी राग गिळला. “उघडल्याशिवाय काही सांगता येणार नाही, बाई,” एवढंच म्हणाले. जगनने भाकरी खाली ठेवली. तो हसला नाही.

भट्टी घाईने उघडता येत नाही, गार हवा लागली तर उरलंसुरलंही तडकायचं. ती आपोआप निवेपर्यंत थांबणं आलं. तेवढ्या दिवसांत कमळाकर धर्मशाळेकडे फिरकला नाही, कोणत्या तोंडाने जाणार? घरी मैनाबाईने त्याच दिवसापासून अळणी धरलं. पोरांची भांडी सुखरूप निघेपर्यंत तोंडात मीठ घालणार नाही. दारात मिठाच्या राशी, आणि ही बाई बिनमिठाचा भात पाण्याबरोबर गिळतेय. बुधाजी एकदा म्हणाला, “सोड ना आता.” तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो विडी घेऊन बांधावर निघून गेला.

उघडायच्या सकाळी कमळाकर सगळ्यांच्या मागे उभा राहिला. सरांनी एकेक वीट काढली. आतून ऊब आली. सरांनी हात घालून पहिलं भांडं हलवलं. सुटलं. दुसरं सुटलं. भट्टीच्या तोंडाशी कमळाकरचीच एक वाटी होती, ती मात्र फरशीला घट्ट चिकटून बसली होती, तिचा लेप मेणासारखा ओघळला होता. तिच्या शेजारची सगळी पुढची रांग बारीक खरबरीत चकाकीने न्हाली होती, संत्र्याच्या सालीसारखी, आणि बाकी सगळं जसंच्या तसं होतं. बहुतेक वाफ धुराड्यावाटे निघून गेली होती. जगनची उंच बरणी त्याच पुढच्या रांगेत होती. तिच्या निळ्या लेपात खोल चमक आली होती, अशी की सरांनी ती उन्हात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. जगनने कमळाकरच्या पाठीत असा गुद्दा घातला की त्याला खोकला आला. मग दोघेही हसत सुटले. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड गेला होता.

“घरत,” सर म्हणाले, “यापुढे दृष्ट काढायची तर भट्टीच्या बाहेर काढा.” आणि तेही हसले.

कमळाकर धूम घरी आला. मैनाबाई दारात बसली होती, जेवायची थांबली होती.

“कोनाचा काय गेला?”

“माजी एक वाटी.”

“तुजी मरूदे. त्या जगनचा?”

“त्याचा सगल्यात चांगला निगाला, आई.”

तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मग जे इतके दिवस अडवून धरलं होतं ते सगळं बाहेर आलं. “तुजा गेला असता तर मी रडून गप झाली असती,” ती हुंदके देत म्हणाली. “पन परक्या आयांची पोरा ती. त्यांच्या आयांना मी काय तोंड दाखवनार होती रं?”

कमळाकरला इतके दिवस वाटत होतं, आई त्याच्या परीक्षेसाठी अळणी खाऊन झुरतेय. तो आत गेला, भात वाढला, कालवण वाढलं. जन्मात कधी न वाढणाऱ्या त्या मुलाने स्वतःच्या हाताने वर मीठ घातलं आणि ताट तिच्यापुढे ठेवलं.

तिने पहिला घास घेतला.

“खारट केलास,” म्हणाली, आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.