आई फक्त कॉलर शिवायची

माझ्या आईला कोट शिवता यायचा नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून सांगून टाकते. वर बसून चिडली तर चिडू दे.

सांगलीजवळ कुपवाडला जॅकेट आणि कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कामाला होती. सगळ्या पाहुण्यांत तिची ओळख एकच, "कोट शिवणारी".

खरं म्हणजे तिथं कुणीच अख्खा कोट शिवत नाही. लाईन असते. एकीनं बाही, एकीनं खिसा, एकीनं अस्तर. माल पुढं सरकत जातो आणि शेवटी कोट बाहेर पडतो.

आई कॉलरवर होती. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत फक्त कॉलर.

पण पाहुण्यांना एवढं कोण समजावणार? आणि आईला तरी कुठं समजवायची हौस होती!

माझं सासर कोयनानगरचं. थंडी म्हणजे काय, ते तिथल्या क्वार्टरमध्ये राहिल्यावर कळतं. स्वरा, म्हणजे माझी मुलगी, अडीच वर्षांची असताना आई आमच्याकडे आली होती. सासूबाई सहज बोलून गेल्या की रेडिमेड स्वेटरातनं वारं शिरतं, पोरीला अस्तराचा कोट पाहिजे.

आई म्हणाली, "मग मी कशाला हाय?"

मी तिला हळूच चिमटा काढला. तिनं हात बाजूला घेतला आणि संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला कोट घेऊन येते, असा शब्दच देऊन टाकला.

तोही विहिणीला. म्हणजे माघार नाही.

घरी जाऊन तिनं आधी काय करावं? कॉलर शिवली. आत कडक बक्रमचं कापड घालून, टोकं काढून, इस्त्री दाबून. व्हिडिओ कॉलवर मला दाखवली. मरून कापडाची, तळहातावर मावेल एवढीशी. खरंच बघत राहावी अशी.

"आता हिला खाली कोट जोडला की झालं," म्हणाली.

नालेसाठी घोडा म्हणतात तो हाच.

पुढचे दोन्ही भाग डाव्या बाजूचेच कापले गेले. सांगलीला जाऊन परत कापड आणलं. मग बाही मुंढ्यात बसेना. कशीबशी बसवली, तर तो कोट घालून पोरगी कायम वर्गात हात वर केल्यासारखी दिसली असती. अस्तर कोटापेक्षा लांब निघालं आणि परकरासारखं खाली डोकावायला लागलं.

फोनवर आईचा आवाज बारीक झाला. इतकी वर्षं कोट शिवणारी म्हणून मिरवली, आता विहिणीसमोर नाक कापलं जाणार. मी म्हटलं, रेडिमेड आण आणि लेबल काढून टाक. माझ्या आयडियेवर ती एवढी चिडली की फोनच कट केला.

मग तिनं आपली लाईन बोलावली.

बाह्यांची शोभामावशी, खिशांची रुक्सानामावशी, अस्तराची मंगलमावशी. सुट्टीच्या दिवशी तिघी आपापल्या स्कूटीवरून आईच्या घरी हजर. कापून द्यायला मंगलमावशीनं कारखान्यात कटिंगला असलेल्या नवऱ्यालाही मागं बसवून आणलेलं. मशीन एकच, त्यामुळे पाळीपाळीनं बसायचं. रुक्सानामावशीचा खिसा एवढुसा झाला की त्यात दोन शेंगा मावल्या असत्या, तिसरी नाही.

मंगलमावशीनं अस्तर शिवलं, खाली थोडी जागा उघडी ठेवली आणि तेवढ्या फटीतनं अख्खा कोट ओढून सुलटा केला. आई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागली. इतकी वर्षं एका लाईनीत बसून तिनं हे कधी बघितलंच नव्हतं! मान वर करायला सवड कुणाला होती?

जाताना तिघींनी तिला बजावलं, मीच शिवला म्हणून सांग, आम्ही काय कोयनेला येतोय बघायला?

हळदी-कुंकवाला आमच्या कॉलनीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. स्वरा कोट घालून सगळ्यांपुढं मिरवत होती. सासूबाईंनी तिला पकडलं, कोट उलगडून अस्तर बघितलं, शिवण बघितली आणि सगळ्यांसमोर विचारलं,

"विहीणबाई, एकटीनं शिवलासा?"

मी आईकडं बघितलं. मनात म्हटलं, हो म्हण. एका शब्दाचं काम आहे.

आई म्हणाली, "न्हाई वं. कॉलर तेवढी माझी. बाकीचं माझ्या मैत्रिणींनी शिवलंय. मला कॉलर सोडून काय बी येत न्हाई."



मला घाम फुटला, तोही कोयनेच्या थंडीत.

सासूबाईंनी स्वराला जवळ ओढलं. कॉलर वर केली, वरचं बटण लावलं, मानेभोवती बोट फिरवून बघितलं.

"थंडी मानंतनंच शिरती," त्या म्हणाल्या. "बाकीचा कोट काय, कुनी बी शिवंल."

शोभामावशीनं हे ऐकलं असतं तर भांडायलाच आली असती.

पण त्या दिवशी आईची कॉलर जी टाईट झाली, ती झालीच. परत जाताना घाटात तिला गाडी लागली, तरी मधेमधे फोन करून तेच सांगत होती. त्यानंतर पाहुण्यांत कुणी कोटाचा विषय काढला की स्वतःच म्हणायची, कोट नाही हो, कॉलर.

मागच्या वर्षी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि आई गेली.

मी रडत होते, सासूबाई मला धरून बसल्या होत्या. लांबच्या नात्यातल्या एक बाई शेजारी येऊन टेकल्या. हळूच विचारलं, या कोट शिवायच्या ना?

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"न्हाई," म्हणाल्या. "कॉलर शिवायच्या."

अशा ताठ्यात म्हणाल्या, की त्या बाईंना कलेक्टर ऐकू आलं असावं. त्यांनी हातच जोडले.

आई, मीही जोडते. लय आठवण येते तुझी.