जळकोटच्या लग्नाला माडीवरचे पाहुणे

लातुरात हणमंतरावांच्या माडीवर दोन खोल्या आहेत. अ‍ॅपवरून त्या दिवसाच्या भाड्याने जातात. येणारे बहुतेक क्लासला ठेवलेल्या लेकरांचे आईबाप. आणि क्लासवाल्यांचं काय सांगावं! आज म्हणतात टेस्ट रविवारी, उद्या म्हणतात बुधवारी. टेस्ट सरकली की आईबाप सरकतात आणि हणमंतरावांच्या मोबाइलवर प्रश्न येतो, तारीख बदलू का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. त्यातलं 'नाही' या माणसाने तीन वर्षांत एकदाही दाबलेलं नाही.

बरं, किल्ली कुंडीखाली ठेवून आपल्या कामाला जावं, तर तेही नाही. "पाव्हणा यावा आन घराला कुलूप? छ्या!" स्वतः फाटकात उभं राहायचं, तांब्याभर पाणी द्यायचं, गाव विचारायचं, गावातलं कोण ओळखीचं निघतं का बघायचं, मगच खोली उघडायची. अहो, पैसे भरून आलेली माणसं ती! पण यांना सांगणार कोण?

हाल व्हायचे ते बायकोचे, शिवकन्याबाईंचे. बहिणीचं डोहाळजेवण बुडालं, भावाची वास्तुशांती बुडाली. माहेरी तर त्यांचं ताट वाढायचंच सोडून दिलं होतं. म्हणून भाचीचं लग्न निघालं तेव्हा त्यांनी निक्षून सांगितलं, "जळकोटला रविवारी साडेबाराच्या अक्षता हायती. आत्याच मांडवात नसली तर मी पुन्हा त्या घरात तोंड दाखवायची न्हाई. तारीख बंद करा."

हणमंतरावांनी अ‍ॅपवर तारीख बंद केली. पण गुरुवारी थेट फोनच आला. बिलोलीचे धम्मानंद बोलत होते. "काका, शनिवारचं बुकिंग रविवारवर घ्याल का? पोरीची टेस्ट शनिवारवर गेली. तिला तेवढाच एक दिवस सुट्टी हाय."

"हाव की! या, या!" जीभ बोलून मोकळी झाली आणि मग हणमंतरावांना अक्षता आठवल्या. बायकोला सांगायची हिंमत? नाव नको.

रविवारी सकाळी आठला जीप दारात उभी. शिवकन्याबाई मोरपंखी साडी नेसून, आहेराची पिशवी घेऊन बाहेर आल्या, तर फाटकात धम्मानंद, त्यांची बायको आणि लेक आरती, बॅगांसकट.

शिवकन्याबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पाहून हणमंतरावांना इतकं कानकोंडं झालं, की तोंडाला येईल ते बोलून गेले. "बसा की गाडीत! उभे का?"

"कुठं?" धम्मानंद चाट पडले.

"लग्नाला! आरतीची सुट्टी खोलीत घालवता का?"

बिचारे बसले. काय करतील?

मांडवात मोठी मजा झाली. मुलीकडच्यांना वाटलं, हे मुलाकडचे बडे पाहुणे. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचे. दोन्हीकडून धम्मानंदांना टॉवेल-टोपी. आरतीने मठ्ठा चार वेळा मागून घेतला. हणमंतरावांच्या डोक्यावर मात्र कुणी टोपी ठेवली नाही, आणि ठेवू नयेच.

अक्षता पडायच्या आधी नवरीचा बाप, म्हणजे शिवकन्याबाईंचा भाऊ रेवणसिद्ध, जवळ आला. "ताई, आलीस गं! आन ही मंडळी कोण?"

"माझे पाव्हणे," शिवकन्याबाई मान ताठ करून म्हणाल्या. "खास बिलोलीहून आलेत." आणि भाचीवर अक्षता टाकताना त्या लहान पोरीसारख्या हसत होत्या.

परतताना जीपमध्ये हणमंतरावांचा मोबाइल वाजला. हिमायतनगरचं कुटुंब विचारत होतं, शुक्रवारचं बुकिंग मंगळवारवर घ्याल का? मंगळवारी जळकोटला नवरा-नवरीची सत्यनारायणाची पूजा. हणमंतरावांचा अंगठा 'हो'वर जाऊन थांबला. त्यांनी भीत भीत बायकोकडे पाहिलं.

शिवकन्याबाईंनी मोबाइल हातातून काढून घेतला, वाचला.

"किती जण हायती?"

"सहा."

"मंग मोठी गाडी सांगा," त्या म्हणाल्या आणि 'हो' दाबलं.