हौसाक्कांच्या कानाशी बोललेले अठरा दिवस

लॅबमधून महादेवदादांचा फोन आला तेव्हा मी ओपीडीत एका आजोबांचं बीपी बघत होते. दादा आमच्या हॉस्पिटलचे टेक्निशियन. फोन हातभर लांब धरला तरी ऐकू येतील असे बोलतात. "मॅडम, सकाळी तुमी पाठवलेलं थुंकीचं सॅम्पल पॉझिटिव्ह हाय. टीबी हाय. पण फॉर्मवर बेड नंबरच न्हाय. कुठल्या वॉर्डातला पेशंट?"

फॉर्म मीच भरला होता. माझं नाव आणि वय लिहिलं, आडनाव मुद्दाम गाळलं. बेड नंबरच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून तो कोरा ठेवला.

"वॉर्डातला नाही दादा," मी म्हणाले. "क्वार्टर्समधली खोली नंबर सहा."

 दादा पहिल्यांदाच हळू बोलले, "म्हंजी तुमी व्हय?"

मी "व्हय" म्हणाले. आजोबांच्या दंडाचा पट्टा तसाच फुगलेला राहिला होता. तो सोडला, त्यांना पुढच्या डॉक्टरकडं पाठवलं आणि मास्क घट्ट करून बाहेर येऊन उभी राहिले.

पेठ वडगावपासून थोडं आत गेलं की आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल लागतं. तिथं मी मेडिसीनची रेसिडेंट आहे. रेसिडेंट म्हणजे डॉक्टर झालेला, पण अजून शिकणारा. रोग्यांना तो मोठा डॉक्टर वाटतो आणि सरांना बिनकामाचा. हे मी माझ्यासारख्यांसाठी लिहितेय. बाकीच्यांनीही वाचावं, कारण जी चूक मी केली तिचा ताप माझ्या एकटीपुरता राहिला नाही.

आमच्या ड्यूटी रूमच्या टेबलाला एक खण आहे. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी येतात, सॅम्पलच्या गोळ्या देतात, आणि त्या सगळ्या त्या खणात जातात. डोकं दुखलं, खण उघडा. जुलाब झाले, खण उघडा. आमच्यातलं कुणीही केसपेपर काढून रांगेत बसत नाही. आजारी पडणं म्हणजे ड्यूटी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं, असं आमच्यात मानतात, आणि तसं कुणी केलं की टोमणेही बसतात.

मला खोकला सुरू झाला तेव्हा मी खणातून लेव्होफ्लॉक्सॅसिनची स्ट्रिप काढली. पाच दिवस घेतली. खोकला कमी झाला. दोन आठवड्यांनी परत आला, परत पाच दिवस घेतली. तिसऱ्यांदाही तेच केलं. लेव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक टीबीच्या जंतूला दाबतं, पण एकट्यानं संपवत नाही. त्यामुळं रोग्याला बरं वाटतं आणि रोग आत मुरत राहतो. म्हणून लांबलेल्या खोकल्याला हे औषध आधी द्यायचं नाही, थुंकी तपासायची. हे उत्तर लिहून मी परीक्षेत मार्क मिळवलेत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

अॅप्रन ढगळ व्हायला लागला तेव्हा मी मेसच्या आमटीला दोष दिला. संध्याकाळी अंग कसकसायचं, त्याला थकवा म्हणाले. एवढ्याच खुणा एखाद्या रोग्यानं सांगितल्या असत्या तर मी त्याला दारातूनच टीबीच्या तपासणीला पाठवलं असतं.

रिपोर्ट आल्यावर आमच्या मेडिसीनच्या सरांनी मला समोर बसवलं. ओरडतील म्हणून मी तयारीत होते. ते एवढंच म्हणाले, "सीबीनॅट बघितलं. रिफॅम्पिसिन लागू पडतंय." सीबीनॅट ही थुंकीची तपासणी काही तासांत दोन गोष्टी सांगते: टीबीचे जंतू आहेत का, आणि रिफॅम्पिसिन हे त्यावरचं मुख्य औषध चालेल का. "सहा महिने गोळ्या. बरी होशील. आता कागद घे आणि खोकला लागल्यापासून कुणाकुणाच्या जवळ होतीस ते लिही."

मी पहिलं नाव हौसाक्कांचं लिहिलं.

हौसाक्का आमच्या बायकांच्या वॉर्डात अठरा दिवस होत्या. वय साठीच्या पुढं, बोटं सांधेवातानं वाकडी झालेली. त्यांना स्टेरॉइड चालू होतं. स्टेरॉइडनं सांध्यांची सूज उतरते, पण अंगाची प्रतिकारशक्तीही उतरते. अशा माणसाला टीबीची लागण लवकर होते. आणि हौसाक्कांना ऐकू कमी येतं. ओठ हलताना दिसले तर त्यांना समजतं. म्हणून मी रोज त्यांच्या खाटेवर टेकायचे, मास्क हनुवटीखाली ओढायचे आणि तोंडाशी तोंड नेऊन बोलायचे. त्या खूश व्हायच्या. सुनेला सांगायच्या, "ही डॉक्टरीण बाई मानसागत बोलती बग." मलाही ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. अठरा दिवस मी त्यांच्या तोंडावर खोकत होते.

गोळ्या सुरू झाल्या. सकाळी उपाशीपोटी, वजनानुसार. लघवी केशरी होते, घाबरू नका, ती औषधाची आहे. मळमळ पहिला आठवडा फार असते. मी खोली नंबर सहामध्ये खिडक्या सताड उघड्या ठेवून एकटी राहिले. माझी रूम पार्टनर सायली दुसऱ्या खोलीत गेली, ती दाराबाहेर डबा ठेवून जायची. तिचा एक्स-रे स्वच्छ आला, वॉर्डातल्या सिस्टरांचेही आले. हौसाक्का तेवढ्या राहिल्या होत्या. त्या लेकीकडं शाहूपुरीत गेल्या होत्या आणि फोन लागत नव्हता.

नवव्या दिवशी सायलीनं दाराबाहेरूनच सांगितलं, "हौसाक्कांचा फोन लागला. त्यांना आठवडाभर खोकला आणि ताप आहे. परवा बोलावलंय."

ते दोन दिवस मला माझ्या आजाराची आठवणही झाली नाही.  सरांनी सांगितलं होतं की लागण कुणाकडून झाली हे रोग्याला कळवत नाहीत, तसा नियमच आहे, आणि तो माझ्याच भल्याचा आहे. म्हणजे मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. गप्प बसायचं असं मी दोनदा ठरवलंही. पण मग त्या येतील, थुंकी देतील, मी वॉर्डात परत गेल्यावर माझा हात धरून "तुमी कुटं व्हतासा?" विचारतील, तेव्हा मी काय तोंड दाखवणार होते?

त्या आल्या त्या दिवशी माझंही वजन आणि तपासणी होती. टीबी विभागाचा बाक व्हरांड्यात आहे, उघड्यावर. हौसाक्का सुनेबरोबर तिथं बसल्या होत्या. थुंकी देऊन झाली होती, रिपोर्ट यायचा होता. बाकीही दहाबारा माणसं होती. मला बघून त्यांनी जागा केली. "या की. वाळलासा किती!"

मी चार हात लांब उभी राहिले. इथं माझी खरी पंचाईत झाली. हळू सांगावं तर त्यांना ऐकू येणार नाही, आणि मास्क खाली घ्यायचा नाही. मग मी ओरडूनच सांगितलं. "आक्का, मला टीबी झालाय. तुम्ही वॉर्डात होता तेव्हाच होता. मी तोंडावरचं काढून तुमच्याशी बोलत होते. तुम्हाला झाला असला तर माझ्यामुळं झालाय."

 बाकावरच्या एका माणसानं तोंडाला रुमाल लावला. सून उठली. "आवो, तुमी डॉक्टर न्हवं? खोकताय ते तुमालाच कळंना व्हय? म्हातारीला काय झालं म्हंजी?"  तिचं बरोबर होतं, आणि मी तसं म्हणाले.

हौसाक्कांनी सुनेचा पदर ओढून तिला खाली बसवलं. मग मला विचारलं, "तुमाला कुनी दिला?"

"माहीत नाही आक्का. कुठल्यातरी पेशंटकडून आला असणार."

"म्हंजी आमच्यातल्याच कुनीतरी. त्यो आला काय सांगाय?"

"नाही," मी म्हणाले.

"तुमी आलासा की," त्या म्हणाल्या. "आता हुबं ऱ्हाऊ नगा, चक्कर यील. तिकडं त्या बाकावर बसा."

मी पलीकडच्या बाकावर बसले आणि मास्कच्या आत रडले. पुसायलाही येईना.

रिपोर्ट दुपारी आला. महादेवदादा तो हातात घेऊन व्हरांड्यापर्यंत चालत आले. जंतू सापडले नव्हते. एक्स-रेमध्येही टीबी नव्हता, साधा छातीचा संसर्ग होता. पण सर हौसाक्कांना जे म्हणाले तेच मी तुम्हाला सांगते, कारण गोड बोलून उपयोग नाही: "आज नाही, याचा अर्थ कधीच नाही असा नव्हे. जंतू अंगात झोपून राहतो. प्रतिबंधाच्या गोळ्या घ्यायच्या आणि दोन वर्षं लक्ष ठेवायचं." म्हणजे माझी काळजी त्या दुपारी संपली नाही. कुठल्याही दिवशी त्यांना खोकला येईल आणि मी पुन्हा थुंकीच्या रिपोर्टची वाट बघत बसेन. दोन वर्षं हे चालणार, आणि ते माझ्याच हातानं ओढवून घेतलेलं आहे.

थुंकी निगेटिव्ह आल्यावर मी कामावर परतले. आता माझा सहावा महिना चालू आहे. सरांनी, सायलीनं, सिस्टरांनी मला सांभाळलं, त्यांचं ऋण आहे. नव्या रेसिडेंटांना मी एकच सांगते: खोकला दोन आठवडे राहिला की केसपेपर काढा आणि रांगेत बसा. टोमणे खा. बेड नंबर नसला तर खोली नंबर लिहा, पण आडनावासकट लिहा.

हौसाक्का दर महिन्याला तपासणीला येतात. सून बरोबर असते. तिनं मला माफ केलंय असं मला वाटत नाही, आणि मी विचारलेलंही नाही. मी आक्कांजवळ जायला पुढं झाले की ती आडवा हात धरते आणि भर ओपीडीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "आज गोळ्या घेतलासा काय?"

"घेतल्या," मी तेवढ्याच मोठ्यानं सांगते. मग ती हात काढते.