रुखवतातल्या फ्रेमा

मी चिडकी बाई आहे, हे बदनापुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शाळेत चित्रकला शिकवली, नोकरीतून निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. रविवारी दुपारी माझ्या पुढच्या खोलीत गावातल्या अन् आसपासच्या खेड्यांतल्या पोरी जमतात. शिंप्यांकडून आणलेल्या चिंध्या सतरंजीवर ओतायच्या, अन् जिला जे वाटेल ते चित्र तिनं कापडावर शिवायचं. शिवता शिवता पोरी बोलतात. घरी ज्याचा ब्रही काढता येत नाही ते बोलतात, रडतात, मधेच खिदळतात. मी ओरडते ती एकाच गोष्टीसाठी: हातातलं काम अर्धवट टाकायचं नाही. यातूनच एकदोघी पुढं गेल्या. एकीनं तर जालन्यात शिवणकामाचं स्वतःचं दुकान टाकलं.

ती आली तेव्हा आईनं तिला हाताला धरून आणलं होतं, लहान लेकराला आणावं तसं. बारावी झालेली, चांगली उंचपुरी पोर. बसमध्ये कोण्या पोराशी बोलताना तिला कुणीतरी पाहिलं, घरी कळवलं अन् बापानं कॉलेज बंद केलं. तेव्हापासून तिचं बोलणं सुटलं, मग जेवण सुटलं. बाहेरचं लागलं म्हणून आधी एका बाबाकडं नेलं. त्यानं धुरी दिली. मग जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या अन् सांगितलं, पोरीला चार माणसांत मिसळू द्या, हाताला काहीतरी काम द्या.

"तुमच्या इथं पोरी बोलत्यात म्हणे, बाई," आई म्हणाली. मग आवाज खाली करून, "हिच्या बापाला सांगितलंय, रुखवत करायला चालली म्हणून. न्हाई तं पाठवलंच नसतं त्यांनी."

लग्नात नवरीच्या हातच्या वस्तू मांडवात मांडतात, त्याला बाप कशाला नाही म्हणतोय? मला हसू आलं. म्हटलं, बाई हुशार आहे.

पोरगी पहिले काही रविवार भिंतीला टेकून बसली. मी तिला काही म्हटलं नाही, आणि माझ्यासारखीला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. मग एके दिवशी तिनं सुई उचलली. काळ्या चिंध्या वेचून वेचून एक विहीर शिवली, आत खाली पांढरा ठिपका. काळं कापड संपलं तसं तिनं मान वर केली.

"बाई, अजून काळं हाय का?"

पोरींचे हात थांबले. मी आत गेले, माझा काळा परकर फाडला अन् तिच्यापुढं टाकला. डोळे पुसायला आत थोडी थांबले, ते कुणाला कळलं नाही.

त्यानंतर ती सुटलीच. दार नसलेलं घर शिवलं. रिकाम्या बसमध्ये एकटीच बसलेली पोरगी शिवली. अन् एक चेहरा, ज्याचे ओठ तिनं लाल दोऱ्यानं आडवेतिडवे टाके घालून बंद केले होते. असं काही मी सबंध नोकरीत पाहिलं नव्हतं. ती जेवू लागली, भांडू लागली, एकदा तर तिनं माझ्या रंगाच्या निवडीवर नाक मुरडलं. मीच संभाजीनगरच्या एका संस्थेत चौकशी केली. कापडावरच्या नक्षीकामाचा अभ्यासक्रम, पोरींचं वसतिगृह, पुढं नोकरी. मुलाखतीला स्वतःची कामं आणून मांडायची, बस्स. आई म्हणाली, तारीख जवळ आली की बापाच्या कानावर घालते.

त्याच सुमारास बाप स्वतःच माझ्या दारात आला. पोरीची सगळी चित्रं मागून घेतली अन् जालन्याहून त्यांना काचेच्या फ्रेमा करून आणल्या. पोरगी नाचतच आली. "बाई, दादांनी फ्रेमा केल्या! त्यांना कळलं वाटतं सगळं!" मलाही तसंच वाटलं. त्या दिवशी मी सगळ्या पोरींना जिलेबी खाऊ घातली.

फ्रेमा रुखवताच्या होत्या. आत्यानं घनसावंगीकडचं स्थळ आणलं होतं. पोरीचं रुखवत तयार, म्हणजे पोरगी तयार, एवढा साधा हिशोब. लग्नाची तारीख नेमकी मुलाखतीच्या दिवशी आली. मुद्दाम नव्हे, मुलाखतीचं आईनं बापाच्या कानावर अजून घातलंच नव्हतं.

मी तणतणत त्यांच्या घरी गेले. सगळं खरं सांगितलं. आई चुलीपुढून उठली नाही. बाप मात्र हात जोडून उभा राहिला.

"बाई, तुमचे लई उपकार हैत. पोरगी बोलत नव्हती, तव्हा कोन बघायला येत होतं? तुम्ही तिला बरी केली, मंग स्थळ जमलं."

भांडायला गेलेली मी, पायात चपला सरकवून परत आले.

लग्नाला गेले. मांडवात लांब टेबल, लाडवांचा मनोरा, थर्माकोलचा महाल, अन् मधोमध फ्रेमा, भोवती चमकीच्या माळा लावलेल्या. "नवरीने स्वतः बनवलेले" अशी पाटी. बायका घोळका करून फोटो काढत होत्या. शिवलेल्या ओठांच्या चेहऱ्यापाशी एक जण म्हणाली, "अगं बया, विडा खाल्लेली नवरी! ओठ कसे लालभडक केलेत बघ." सगळ्या हसल्या. मला ते टेबल उलथून टाकावंसं वाटलं. टाकायला हवं होतं.

अक्षता पडल्यावर मी भेटायला गेले. मुंडावळ्यांआडून तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.

"समदी कामं मांडली बघा, बाई," ती म्हणाली. "मुलाखतीला मांडायची तशीच."

तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य. सासरची माणसं वाईट नाहीत, मारझोड नाही, खाण्यापिण्याला कमी नाही. फ्रेमा त्यांनी बैठकीत कौतुकानं लावल्यात. ती मात्र पुन्हा गप्प झालीय. मी फोन केला की पलीकडून नुसतं "हं" येतं. सुई धरली का गं, विचारलं, तरी "हं". मी फोन ठेवते अन् दिवसभर घरातल्या भांड्यांवर राग काढते. तिचं एकही चित्र माझ्याकडं उरलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिची आई पुन्हा दारात उभी राहिली. या खेपेला धाकटीला घेऊन. धाकटी चांगली बोलकी, पण आईनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"हिला बी रुखवताचंच सांगून आणलंय," ती म्हणाली. "दुसरं काय सांगू? पर बाई, हिचं काही पुरं झालं तं घरी पाठवू नका. तुमच्या कपाटात कुलपात ठेवा. घरी अर्धंच दिसू द्या."

मी मान डोलावली.

आता धाकटीची पुरी झालेली चित्रं माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहेत. तिच्या पिशवीतून एकच मोर घरी जातो अन् रविवारी परत येतो, एका पायाचा, पिसाऱ्याविना. परवा आत्या आल्ती म्हणे. तिनं मोर उलटासुलटा करून पाहिला.

"झालं का गं रुखवत?"

"न्हाई आत्या," धाकटी म्हणाली, "आत्ताशी कुठं सुरू केलंय."