दोऱ्या बदलेपर्यंत

हौशीरामच्या मुलीनं, अनितानं, मला पुन्हापुन्हा सांगितलं, "गेणूकाका, आमच्या आबांवर तुम्ही काहीतरी लिहा. तुमच्याइतकं त्यांना जुनं ओळखणारं कोणी राहिलं नाही." मला लिहायची सवय नाही. तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो, तिथं आवक-जावक लिहिली तेवढीच. जसं आठवतं तसं लिहितो. चुकलं तर अनितानं दुरुस्त करून घ्यावं.

हौशीराम आणि मी एकाच गावचे. ते गाव पवना धरणात गेलं. मी तेव्हा शाळेत होतो आणि हौशीराम त्याच्या थोरल्या बहिणीच्या, रतनबाईच्या, कडेवर होता. माणसं पांगली. आमची दोन्ही घरं परंदवडीला आली. रतनबाई पुढं उर्शाला दिली. आई लवकर गेल्यामुळं हौशीरामला तिनंच वाढवलं. तो तिला अक्का म्हणायचा आणि साठीला आला तरी तिच्यासमोर खुर्चीवर बसायचा नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पवनेच्या बाजूच्या डोंगरांवर पॅराग्लायडिंगवाले यायला लागले. बरेचसे परदेशी, काही मुंबई-पुण्याचे. त्यांच्या जड बॅगा डोंगरावर चढवून द्यायचं काम हौशीराम करायचा. मी सुट्टीच्या दिवशी नुसता बघायला जायचो. संध्याकाळी वारा मऊ व्हायचा, डोंगरांची सावली पाण्यावर लांब पडायची आणि त्या रंगीत छत्र्या डोक्यावरून आवाज न करता जायच्या. आम्ही करवंदं खात बसायचो. त्या संध्याकाळी मला अजून आठवतात.

बॅगा उचलता उचलता तो शिकला. कुणा परदेशी बाईनं आधी जमिनीवर शिकवलं, मग हवेत. रीतसर परीक्षा दिली. पुष्कळ वर्षांनी त्यानं स्वतःची, दोन माणसांची, जुनी नारिंगी विंग घेतली. विंग म्हणजे ते मोठं कापड आणि त्याच्या खालच्या दोऱ्या. दोऱ्या दिसायला सुतळीसारख्या बारीक, पण दोन माणसांचा सगळा भार त्यांच्यावर. पर्यटकांना तो पुढ्यात बसवून फिरवून आणायचा. गावात त्याला 'छत्रीवाला' म्हणायचे.

आता रतनबाईचं सांगतो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की आमच्या गावाची जोती उघडी पडतात. आम्ही दर वर्षी चालत जायचो आणि दर वर्षी भांडण व्हायचं. हौशीरामचं घर नेमकं कुठलं? मी म्हणायचो हे, हौशीरामचा चुलता म्हणायचा ते. जमिनीवरून सगळी जोती सारखीच दिसतात. रतनबाई म्हणायची, "आळी कुटं वळते ते दिसलं पायजे. वळणावरचं घर आपलं. वरनं बघितलं की मी डोळं झाकून सांगते."

"अक्का, डोळं झाकलं तर दिसणार कसं?" हौशीराम म्हणायचा.

"तू ने तर मला, मग सांगते."

करोनाच्या आधीच्या उन्हाळ्यात पाणी खूपच खाली गेलं. हौशीरामनं शब्द दिला, मे महिन्यात एका रविवारी नेतो. रतनबाईनं पासष्टी ओलांडली होती, गुडघे कुरकुरत होते. दुसऱ्या कुणाबरोबर ती गेली नसती. "परक्या बाप्याच्या पुढ्यात मी बसायची न्हाई," हे तिनं आधीच सांगून ठेवलेलं.

विंगची दर वर्षी तपासणी करावी लागते. पुण्याचा अतुल म्हणून एक इंजिनिअर मशीन घेऊन कुसगावला यायचा. त्या वर्षी हौशीरामबरोबर मीही गेलो. अतुलनं कापडाला यंत्र लावून त्यातून हवा किती झिरपते ते मोजलं. मग मधली एक दोरी सोडवून मशीनमध्ये ताणत नेली, तुटेपर्यंत. रीतच तशी आहे. एक दोरी तोडून बाकीच्यांचा अंदाज घ्यायचा. दोरी तुटली तेव्हा हौशीरामनं डोळे मिटले.

"पास का नापास, साहेब?"

"कापड चांगलं आहे, हौशीरामभाऊ. दोरी मात्र काठावर आहे. जेवढ्या भाराला तुटायला पाहिजे त्याच्या जवळपासच तुटली, जराशी आधी. मी शेरा लिहितो, दोऱ्या लवकर बदलाव्यात."

"लवकर म्हंजे कदी?"

"ते मी नाही सांगणार. मला जे दिसलं ते मी सांगितलं. विंग तुमची. पुढचं मालकानं ठरवायचं."

तोडलेल्या दोरीच्या जागी नवी लावून अतुल गेला. बाकीच्या सगळ्या त्याच जुन्या.  परत येताना हौशीराम म्हणाला, "गेणूभाऊ, बॅगा उचलायचो तवा वाटायचं, मालक झालो की कुणाला इचारायला लागनार न्हाई. आता इचारायलाच कुणी न्हाई."

गावात मात्र बातमी अशी पोचली की तपासणी झाली. झाली म्हणजे झाली, आता काय! शेरा ज्यांना कळला त्यांनीही त्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला. "लवकर म्हंजे पावसाळ्याच्या आत," असं ठरवून टाकलं, आणि पावसाळ्याला अजून अवकाश होता. हौशीराम हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मला वाटतं, त्याचं ठरत नव्हतं.

रविवारी पप्पूच्या जीपमधून सगळे डोंगरावर. पप्पू हाही उडणारा, पण त्याची विंग एकट्याची. दोघांची विंग असणारे बाकीचे पायलट मेमध्ये हिमाचलाला गेलेले. रतनबाईनं साडी खोचून आत नातवाची ट्रॅक पँट घातली होती, पायात त्याचेच बूट. आळीतल्या बाया तिला बघून हसत होत्या. खाली वाळलेल्या गाळात जोत्यांच्या रेघा दिसत होत्या, पण तिरक्या आणि लांबून. आळीचं वळण काही कळत नव्हतं.

हौशीरामनं विंग पसरली. एकेक दोरी हातातून सोडत गेला. मग पुन्हा गोळा करायला लागला.

"का रं?" रतनबाई म्हणाली.

तो उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. बाजारात बैल विकताना त्याचा बाप खोड सांगायचा, अगदी तसं. "मशीनवर हिची दोरी वेळेआधी तुटली. बाकीच्या दोऱ्या तेवढ्याच जुन्या हायेत. बदलेपर्यंत मी कुणाला नेनार न्हाई."

"मशीनवर तुटली ना? माझ्या अंगावर न्हाई ना?" रतनबाई म्हणाली. "अरं, सुतळीनं बांधलेला गवताचा भारा माझ्यापरीस जड असायचा."

"भारा पडला तर उचलता येतो, अक्का."

पप्पू म्हणाला, "भाऊ, वारा लोण्यावानी हाय. खाली जाऊन यायला धा मिंटं. इतक्यात काय व्हतंय?"

"मग तुज्या आईला बसवू का पुढ्यात?"

 एक बाई म्हणाली, "तुला न्यायचंच नव्हतं, तर म्हातारीला पँट कशाला घालायला लावली?" सगळे हसले. रतनबाई हसली नाही. "मी घाबरत न्हाई, तू घाबरतोस," एवढंच म्हणाली.

"व्हय. घाबरतो," हौशीराम म्हणाला.

ती जीपमध्ये बसली नाही. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी डोंगर चालत उतरली. हौशीराम बॅग पाठीवर घेऊन तिच्या मागं मागं, जरा अंतर ठेवून. पर्यटक पाठवणाऱ्या लोणावळ्याच्या हॉटेलांना फोन करून त्यानं राहिलेली सगळी उड्डाणं रद्द केली.

दोऱ्या परदेशातून यायच्या होत्या. त्या आल्या तेव्हा आभाळ भरलेलं होतं. दिवाळीच्या सुमारास अतुलनं त्या बसवून, पुन्हा मोजून दिल्या. थंडीत एका दुपारी हौशीराम उर्शाला गेला आणि दारात उभा राहून म्हणाला, "अक्का, चल."

ती आली. मी खाली भाताच्या मोकळ्या खाचरात उभा होतो. नारिंगी विंग धरणावरून संथ फिरली आणि आमच्यापुढं उतरली. बायांनी विचारलं, "दिसलं का गं घर?"

"कशाचं घर? समदं पानीच." धरण काठोकाठ भरलेलं होतं. मग ती म्हणाली, "मी वरच बघत व्हते. दोऱ्यांकडं. लय बारीक असत्यात गं." आणि हौशीरामच्या दंडाला धरून बुटाच्या नाड्या सोडायला लागली. त्या रविवारपासूनचा त्यांचा अबोला तिथं संपला.

"आता मेमध्ये जाऊ," असं ठरलं. पुढच्या मेमध्ये सगळंच बंद होतं. त्याच्या पुढच्या मेमध्ये रतनबाई नव्हती.

नंतर एका तपासणीत विंगचं कापडच नापास झालं. कुणीतरी ती विकत मागत होता. हौशीरामनं अंगणात बसून कात्रीनं तिचे तुकडे केले, कुणी उडवू नये म्हणून. आमच्या आळीत अजून कुठं सरपणावर, कुठं मोटारसायकलवर नारिंगी कापड दिसतं. उन्हात त्याचा रंग विटत चाललाय.

यंदाच्या मेमध्ये आम्ही दोघं जुन्या गावात चालत गेलो. गाळाला भेगा पडलेल्या. हौशीराम जोती बघत फिरत होता. मग म्हणाला, "गेणूभाऊ, त्या रविवारी नेलं असतं अक्काला, तर काय झालं असतं?"

मला वाटलं ते मी सांगितलं. "बहुतेक काही झालं नसतं."

"व्हय," तो म्हणाला. "मलाबी तसंच वाटतं. बहुतेक."

ऊन वाढलं होतं. आम्ही जवळच्या एका जोत्यावर बसलो आणि पाणी प्यालो. ते जोतं कुणाचं, ते काही आम्हाला ठरवता आलं नाही.